कानांवरचे हात

एकदा एक शाहीर दीर्घ आजारातून उठले. केरबा ढोणे त्यांचं नाव. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "गळ्यावर पुन्हा ताण आला, तर पोवाडा कायमचा विसरा."

पुढे एका सायंकाळी गावच्या मैदानात आजारपणानंतरचा त्यांचा पहिला पोवाडा होता. ध्वनियंत्रणा तात्यांची. उभं आयुष्य माइक आणि स्पीकरांच्या सहवासात काढलेला हा वृद्ध गृहस्थ फार कमी बोले. यंत्रावर त्यांचा शिष्य वैजनाथ बसला होता, आणि शाहिरांवर त्याची निस्सीम भक्ती! आता भक्ती म्हटली की तिला कुठे थांबावं ते कळत नाही, हे तुम्हीआम्ही जाणतोच.

त्या यंत्रात दोन सोयी असतात. कॉम्प्रेसर चढत्या आवाजाला थोडं दाबून धरतो. लिमिटर ही शेवटची हद्द. स्पीकर फाटू नयेत म्हणून तो आवाजाला तिच्यापुढे जाऊच देत नाही. वैजनाथने विचार केला, शाहिरांचा गळा नाजूक, तेव्हा आवाज जरा चढला की दाबलेलाच बरा. त्याने कॉम्प्रेसर करकचून आवळला. शाहिरांना स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून त्यांच्या पायाशी स्पीकर ठेवला होता, त्यालाही तोच न्याय लावला. आणि स्वतःवरच खूश होऊन बसला.

त्या दुपारी तालीम सुरू झाली. कुजबुज काय आणि गर्जना काय, सगळं एकाच मापाचं ऐकू येऊ लागलं. शाहिरांनी आवाज चढवला, पण त्यांच्या कानी काही चढेना. त्यांनी आणखी जोर लावला. मानेच्या शिरा तटतटल्या, खोकल्याची उबळ आली आणि ते मटकन खाली बसले.

"नाही जमायचं रे बाबा आता," एवढंच म्हणाले. डोळे भरून आले होते.

वैजनाथ धावत तात्यांकडे गेला. "तात्या, अजून आवळू का?"

तात्यांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाले, "गावाकडे आई कशी आहे तुझी? सांग बघू."

अशा वेळी हे काय विचारणं! तरी तो सांगू लागला. लगेच तात्यांनी दोन्ही तळवे कानांवर ठेवले. "ऐकू येत नाही. मोठ्याने बोल." त्याने आवाज वाढवला, तसे तात्यांनी तळवे आणखी दाबले. "अरे, मोठ्याने!" ओरडून ओरडून वैजनाथचा घसा बसला.

"अहो, कान तुम्ही झाकता आणि वर मलाच ओरडायला लावता? ही कुठली तऱ्हा?"

"तुझीच," तात्या शांतपणे म्हणाले. "शाहिरांच्या कानांवर दुपारपासून तू असेच हात ठेवले आहेस. माणूस आपला आवाज कानाने मोजतो, बाळा. कानाला कमी पडलं की तो घशाकडून अधिक मागतो. विहिरीला कठडा हवाच. लिमिटर तो कठडा, त्याला हात लावू नकोस. पण कुणी पडेल या भीतीने अंगणभर कठडे घातलेस, तर माणसाने चालायचं कुठे?"

"मग कॉम्प्रेसर?"

"तो सोबत्याचा हात. तोल गेला तर सावरावं. दंड धरून चालवू नये."

वैजनाथ मान खाली घालून यंत्राशी गेला. शाहिरांच्या पायाशी असलेल्या स्पीकरवरचा कॉम्प्रेसर त्याने काढूनच टाकला. मैदानाकडे जाणाऱ्या आवाजावर अगदी हलका ठेवला. लिमिटर होता तिथेच राहू दिला.

सायंकाळी शाहीर भीतभीतच उभे राहिले. पहिली ओळ हलकेच म्हटली, आणि ती जशीच्या तशी त्यांच्या कानी परत आली. ते थबकले. मग हसले. पुढे गड सर करण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी जी ललकारी दिली, तिने सारं मैदान उठून उभं राहिलं. लिमिटरचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला.

कार्यक्रम संपल्यावर शाहीर गळ्यावरून हात फिरवीत आले. "काय जादू केलीस रे? जरासुद्धा दुखत नाही!"

"काही केलं नाही, शाहीर," वैजनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हात काढले."

आपल्या घरात कुणाला सारखं ओरडून बोलावं लागत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी आपले हात कुठे आहेत ते पाहावं.