उन्हाआधी निवळलेले पाणी

‘पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं, मग माझी बहीण गेली कशाने?’ एका तरुणाने हे डॉक्टरांना विचारले, सरपंचांना विचारले, नदीकाठच्या रंगाच्या कारखान्याच्या फाटकाशीही विचारले. उत्तर कोणी दिले नाही.

एकदा एक वृद्ध रसायनज्ञ त्या गावी येऊन राहिले. ऊन पडले की पाण्यातील विषारी रंग मोडून टाकील अशी पूड ते तयार करीत. तरुण त्यांचा शिष्य झाला. त्याचे शिक्षण चौथीपर्यंतचे, आणि धीर त्याहूनही कमी. बहिणीच्या वर्षश्राद्धाला तिच्या नावाने पाणपोई सुरू करायचीच, असा त्याचा हट्ट होता. म्हणून न विचारता त्याने पुडीत लाकडी कोळशाची भुकटी मिसळली.

वर्षश्राद्धाच्या पहाटे पिंपात भरून ठेवलेले नदीचे लाल पाणी निवळलेले पाहून तो धावत आला.

“गुरुजी, झालं! चला, माठ भरू.”

“सूर्य अजून डोंगराआड, आणि काम झालंसुद्धा? त्याच्यासाठी काही ठेवलंस की नाही?”

गुरुजींनी पिंपाच्या तळाची पूड काढली आणि सोडा घातलेल्या गरम पाण्यात घुसळली. पाणी लालभडक झाले.

“स्वच्छ झालेलं पुन्हा घाण कशाला करता?” तरुण ओरडला.

“मी रंग घातला नाही. तो मोडलाच नव्हता, कोळशात दडला होता. कोळसा रंगाने गच्च भरला की तोच रंग लोकांच्या पेल्यात उतरेल. म्हणून मी प्रत्येक पूड आधी अंधारात ठेवून पाहतो. अंधारात निवळतं ते नुसतं लपलेलं असतं. त्यानंतर उन्हात जे नाहीसं होतं, तेवढंच मोडलेलं.”

“लोक निघालेत, गुरुजी. आज ताईचा दिवस आहे. चांगलं आहे, एवढंच म्हणा ना!”

“तिच्या पाण्यात काय होतं, मला ठाऊक नाही, बाळा. या पाण्यात काय आहे, ते आता तुलाही ठाऊक आहे.”

तरुण पाणपोईवर गेला. माठ रिकामेच होते. तांब्या घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली, “बहिणीच्या नावानं बोलावलंस, नि घोटभर पाणी नाही?”

“नाही, मावशी. पिण्याजोगं झालं नाही अजून.”

“मग काय थट्टा करायला बोलावलंस आम्हाला?”

बहिणीच्या नावावर कोणी ते पाणी मागू नये, म्हणून तो स्टुलावर चढला आणि तिच्या नावाची पाटी त्याने स्वतःच्या हातांनी उतरवली.