पहिल्या उताराचा मान

घाट जिथून उतरायला लागतो तिथल्या एका गावात केरबा नावाचा मिस्त्री राहत होता. त्याच्या हातून दुरुस्त झालं नाही असं यंत्र पंचक्रोशीत नव्हतं. पुन्हा दुरुस्त करावं लागलं नाही असंही नव्हतं. पिठाची गिरणी असो नाहीतर विहिरीवरची मोटार, काम झालं की केरबा हात पुसायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "चालतंय की!" त्याचं म्हणणं खोटं नसायचं. तो घरी पोचेपर्यंत ते यंत्र नक्की चालायचं.

त्याच गावात आण्णा चौगुले हे गुळाचे व्यापारी होते. घाटाखालच्या बाजारात गूळ न्यायचा म्हणून त्यांनी लिलावात लष्कराचा एक जुना ट्रक घेतला. ट्रक इतका जुना, की तो छावणीतून बाहेर पडला तेव्हा रणगाड्यांनी म्हणे आजोबा निघाले म्हणून बाजूला सरून वाट दिली. इंजिन मात्र वाघासारखं होतं. खोट होती ब्रेकमध्ये. हा ट्रक हवेच्या जोरावर थांबायचा. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाकीत हवा भरणार, आणि ड्रायव्हरनं पाय दाबला की ती हवा चाकं आवळणार. पण कॉम्प्रेसर पार थकला होता. हवा कमी भरायचा आणि तेल जास्त फेकायचा. टाकीखालची तोटी सोडली, तर दोन घाणे भजी तळून होतील एवढं तेल खाली यायचं.

आण्णांनी केरबाला बोलावलं. "केरबा, कॉम्प्रेसर उघड आणि अगदी नव्यासारखा करून दे. फक्त नवं काही घालू नकोस."

केरबानं उघडला. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, सिलिंडरला ओरखडे, झडपेच्या पात्या वाकलेल्या, आणि हेडखालचं पॅकिंग जळून कोळसा झालेलं. केरबानं रिंगा रॉकेलनं धुतल्या आणि त्याच परत घातल्या. पात्या हातानं सरळ करून बसवल्या. पॅकिंगला काही मिळेना, तेव्हा मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका खिशात होती ती काढली. पुठ्ठा जाड, वर सोनेरी गणपती. गणपती तेवढा कापून देव्हाऱ्यासाठी बाजूला ठेवला आणि उरलेल्याचं झकास पॅकिंग केलं. इंजिन सुरू झालं. हवेचा काटा अडखळत अडखळत हिरव्या पट्टीपर्यंत गेला आणि थांबला.

"चालतंय की!" केरबा म्हणाला.

आण्णांनी गुळाच्या ढेपा चढवल्या. आण्णांच्या गाड्या हौसाक्का चालवायची. पन्नाशीची बाई, बोलणं कमी. इतकी वर्षं ती घाट उतरत होती, पण तिच्या चाकाखाली कोंबडीचं पीससुद्धा आलं नव्हतं. ती चढून सीटवर बसली आणि तिनं पलीकडचं दार आतून उघडलं.

"बसा, मिस्त्री."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? पहिल्या उताराचा मान तुमचा."

त्या घाटावर तशी रीतच होती. ज्यानं ब्रेकला हात लावला त्यानं पहिल्या उताराला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. केरबाला ही रीत ठाऊक होती. पण आजवर प्रत्येक ड्रायव्हर घाईत असायचा आणि प्रत्येक वेळी केरबा त्याहून घाईत असायचा, त्यामुळे मान तसाच राहून जायचा. हौसाक्काला कसलीच घाई नव्हती.

केरबानं पायरीवर एक पाय ठेवला. समोर घाट दिसत होता. घाटात एकदा ब्रेक दाबून भागत नाही. दर वळणाला दाबावा लागतो, दर दाबाला हवा खर्च होते, आणि ती तेवढ्याच चपळाईनं कॉम्प्रेसरनं भरून द्यावी लागते. अंगणात उभ्या गाडीचा काटा कुणीही वर नेऊन दाखवील. केरबाला एकाएकी मेव्हण्याची पत्रिका आठवली. पुठ्ठा किती आच सोसतो, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला.

"अक्का, आज जमायचं नाही. सासऱ्यांना बरं नाही, बघायला जायचंय."

"ते तर जाऊन चार वर्षं झाली की."

"म्हणूनच म्हणतो, एवढ्यात गेलो नाही तिकडं," असं पुटपुटत केरबा पायरीवरून उतरला. "बरं थांबा, जरा एक बोल्ट आवळून घेतो."

एक बोल्ट आवळायचा म्हणून त्यानं सगळेच सोडले. मनात तो हौसाक्काच्या नावानं बोटं मोडत होता. ही बाई गाडी हाकणारी. हिला नसत्या रीती कशाला पाहिजेत? तो तालुक्याला गेला आणि पदरमोड करून तांब्याचं खरं पॅकिंग घेऊन आला. बसवलं. काटा या वेळी न अडखळता वर गेला.

हौसाक्कानं दार उघडलं. "बसा, मिस्त्री."

केरबा खरंच बसला. दारही लावून घेतलं. हौसाक्कानं गिअर टाकला आणि केरबाचा हात दाराच्या कडीवर गेला. रिंगा! धुतल्या म्हणून काय झिजलेल्या रिंगा भरून येतात? गाडी चार हात पुढं गेली तोच तो ओरडला, "थांबा, थांबा! माझा पाना आत राहिला."

"आत म्हणजे कॉम्प्रेसरात?"

"तिथंच कुठंतरी."

ढेपा उतरवल्या. आण्णांनी डोक्याला हात लावला. "अरे, गुळाला मुंग्या लागल्यात! खाऊन खाऊन इतक्या माजल्यात, की काल एकीनं माझी वहाण ओढून नेली!"

"मग रिंगा आणा, आण्णा. नव्या."

"परवा तर चालतंय म्हणत होतास!"

"परवा मी खाली उभा होतो," केरबा करवादला.

आण्णांनी कुरकुरत रिंगा आणल्या. मग त्या घालायच्या तर सिलिंडर घासून घ्यायला हवा. सिलिंडर घासला तर पात्यांची शंका आली. केरबानं काचेच्या तुकड्यावर खरखरीत पेस्ट लावून झडपेची बैठक, म्हणजे पात्या टेकतात ती जागा, घासायला घेतली. घासायची, पुसायची, उजेडाला धरून बघायची, आणि स्वतःलाच शिवी हासडून पुन्हा घासायची. जेवायला घरी जाईना. गेलाच तर जेवणात लक्ष लागेना. बायको म्हणाली, "काम चांगलं झालंय ना? मग बसा की गाडीत." तेव्हा तो ताटावरून उठला.

आणि दर वेळी सगळं जोडून झालं, की हौसाक्का शांतपणे काच पुसायची, चहाचा कप ठेवून द्यायची आणि दार उघडायची.

"बसा, मिस्त्री."

एका सकाळी केरबाचा तोल सुटला. त्यानं हातातला हातोडा जमिनीवर आपटला. "अक्का! उभा जन्म माझा यंत्रांत गेला. आजवर कुणी माझ्या कामाला नाव ठेवलं नाही. तुम्हाला यातलं काय कळतं म्हणून दर वेळी माझ्या कामात खोट काढताय?"

"मी कुठं काढली?" हौसाक्का म्हणाली. "मी फक्त बसा म्हटलं."

केरबानं कॉम्प्रेसरकडं पाहिलं. मग हातोडा उचलला, पुसला आणि गपचूप कामाला लागला. त्या दिवशी त्यानं एकेक जोड घट्ट केला, साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. टाकी धुऊन तेलाचा थेंबन् थेंब काढला. काटा वर गेला तेव्हा इंजिन बंद करून तो समोर मांडी घालून बसला. चहा आला, निवून गेला. काटा जागचा हलला नाही. केरबानं चालतंय म्हटलं नाही. पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि कुणी दार उघडायच्या आत स्वतःच उघडून आत जाऊन बसला.

"चला, अक्का."

हौसाक्कानं त्याच्याकडं पाहिलं. मान हलवली. इंजिन सुरू केलं. बाहेर आण्णा ढेपा पुन्हा चढवून नारळ घेऊन उभे होते. हौसाक्कानं डोकं बाहेर काढलं.

"आण्णा, मधे जागा आहे. बसा."

"मी? मी कशाला? मी मागून मोटारसायकलवर येतो."

"ब्रेकला हात तुमचाही लागलाय. काय घालायचं आणि काय नाही, ते तुम्हीच सांगितलंत."

आण्णांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. घाटाकडं पाहिलं. मुंग्यांकडं पाहिलं. केरबाकडं पाहिलं.

"काय रे केरबा, त्या रबरी नळ्या, चाकापर्यंत हवा नेणाऱ्या. त्या जुन्याच ठेवल्यास ना?"

"तुम्हीच म्हणालात ठेव. मी तीनदा सांगितलं, बदला म्हणून. आता दाबाला एकही बुडबुडा नाही, चार खेपा निभतील. मग त्या बदलल्याशिवाय पुन्हा या गाडीत मी बसणार नाही."

"चारच?" आण्णा म्हणाले. "आणि समजा त्यांनी मोजताना चूक केली तर?"

"आण्णा, नळ्यांना मोजता येत नाही."

हौसाक्कानं इंजिन बंद केलं. आण्णांनी नारळ ट्रकच्या नाकावर ठेवला, तरातरा घरी गेले आणि कोऱ्या नळ्यांचं बंडल घेऊन आले. केरबा बघतच राहिला. नळ्या ट्रकबरोबरच लिलावात आल्या होत्या. आण्णांनी त्या पुढं विकायला म्हणून माळ्यावर टाकल्या होत्या.

"माळ्यावर होत्या?" केरबाचा आवाज चिरकला. "मी इथं स्वतःच्या पैशानं पॅकिंग आणतोय, आणि ह्या माळ्यावर होत्या?"

"अरे, आता आणल्या ना! ओरडतोस कशाला? घाल लवकर."

नळ्या घातल्या, पुन्हा फेस लावून पाहिला, नारळ फुटला आणि ट्रक निघाला. एका बाजूला हौसाक्का, दुसऱ्या बाजूला केरबा आणि मधे देवाची सगळी नावं एका दमात घेणारे आण्णा. पहिलं वळण. फुस्स. काटा खाली आला आणि लगेच वर गेला. दुसरं वळण. फुस्स. काटा परत वर. निम्मा घाट उतरल्यावर केरबाला श्वास घ्यायचं आठवलं.

शेवटच्या वळणापलीकडं रस्ताभर मेंढरं होती. पुढं धनगर, त्याच्या खांद्यावर कोकरू, आणि बाजूनं बाजाराला निघालेल्या बाया. हौसाक्कानं पाय दाबला. गुळाच्या ढेपा धाडकन पुढं आदळल्या, आण्णा समोरच्या काचेला जाऊन चिकटले, आणि ट्रक उभा राहिला. शेवटचं मेंढरू चाकापासून हातभर अंतरावर रवंथ करत उभं होतं. त्याला काही पत्ता नव्हता.

धनगरानं सावकाश वाट मोकळी केली. बाया हसत निघून गेल्या. ट्रक बाजाराशी येऊन थांबला, तेव्हा केरबानं विचारलं, "अक्का, एक सांगा. कुठं खोट राहिलीय ते तुम्हाला दर वेळी कसं कळायचं?"

"मला त्या कॉम्प्रेसरमधलं ओ की ठो कळत नाही," हौसाक्का म्हणाली. "मी बसा म्हणायची आणि तुमच्या तोंडाकडं बघायची. तुमचं तोंड काट्यापेक्षा खरं बोलतं."

"आणि पहिल्याच दिवशी मी हसत हसत येऊन बसलो असतो तर?"

"तर मीही हसत हसत गाडी घाटात घातली असती."

केरबानं मागं वळून घाटाकडं पाहिलं. सगळी वळणं तिथून स्वच्छ दिसत होती. रस्त्यावर अजून धूळ होती, आणि त्या धुळीतून मेंढरं एकामागून एक पुढं जात होती. मग तो खाली उतरला, ट्रकखाली शिरला आणि कुणी न सांगता एकेक जोड पुन्हा हातानं चाचपून पाहू लागला.

तात्पर्य: काम नीट झालं की नाही, हे लोकांना विचारत बसू नये. त्या कामाच्या भरवशावर आधी आपला जीव ठेवायला आपण तयार आहोत का, एवढंच स्वतःला विचारावं. पाय मागं येत असेल तर काम अजून राहिलं आहे.