केरसुणी आडवी झाली

केरसुण्या कोपऱ्यात ताठ उभ्या राहायच्या, त्या काळची ही गोष्ट. तानूबाई दिवसभर उखळात मिरच्या कांडायची. मुसळ थांबलं रे थांबलं, की तिची केरसुणी सपासप झाडायला लागायची. तिखटाची पूड वर उडायची आणि वळचणीतलं चिमणीचं पिल्लू शिंकून शिंकून बेजार व्हायचं.

"आता ते चाराही गिळेना गं," चिमणी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग आणखी जोरात झाडते, पूड उरणारच नाही!" केरसुणी म्हणाली.

"अगं बाई, जरा थांब," आढ्याच्या जाळ्यातून आठ पायांची कोळीण बोलली. "त्या उन्हाच्या कवडशात बघ. जाड कण लगेच खाली येतात, बारीक कण रेंगाळत उतरतात. ते टेकायच्या आत तू त्यांना पुन्हा उडवतेस."

"म्हणजे काम टाकून लोळत पडू?" केरसुणी फणकारली. तेवढ्यात पिल्लू पुन्हा शिंकलं. तशी ती मुकाट्याने जमिनीवर आडवी झाली.

कवडसा हळूहळू स्वच्छ झाला. मग तानूबाईने थोडं पाणी शिंपडलं आणि केरसुणी अलगद फिरली. वर पिल्लाने चोच उघडली. शिंक आली नाही. ते चारा मागत होतं.

तेव्हापासून केरसुणी आडवीच असते. लोकांना वाटतं, ती निजलीय. ती मात्र कवडशाकडे डोळे लावून असते.