गेणूने ब्रेकचा दोष शोधला

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेणू. अंगात बैलाची ताकद. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तिथेच त्याचं बिघडायचं.

गेणूची बायको हौसा माहेरी गेली होती. सासऱ्याचा निरोप आला. "जावईबापू, मागच्या खेपेला पोरीला उन्हातान्हात पायी नेलंत. आज गाडीवर न्या. आज ती गाडीवर घरी पोचली नाही, तर पुन्हा पाठवणार नाही."

गेणूची आई तापाने पडली होती. ती म्हणाली, "गेण्या, मामाची मोटारसायकल घे. सुनेला घेऊनच ये. माझ्याच्यानं आता चूल होत नाही."

मामाची मोटारसायकल पावसाळाभर गोठ्यात उभी होती. गेणूने ती काढली. गाडी चालेना. मागचं चाक कुणीतरी धरून ठेवल्यासारखं झालं होतं. गेणूने तशीच रेटली. फाट्यापर्यंत गेला तेव्हा चाकातून धूर निघत होता.

फाट्यावर इस्माईल मिस्त्रीचं दुकान होतं. मिस्त्री म्हणाला, "चाकाच्या मधोमध हात लाव."

गेणूने लावला. ओरडला.

"तापलंय ना? ब्रेक धरून बसलाय. तापलेलं दिसलं की आधी ढिलं करायचं." मिस्त्रीने नट ढिला केला. "आत गंज आहे. खोलावं लागेल. तू जेवून ये."

"कळलं," गेणू म्हणाला.

घरी आई बाजेवर झोपली होती. गेणूने तिच्या कपाळाला हात लावला. तापलं होतं. गेणू खाली वाकला आणि बाजेचा काथ्या सोडू लागला. शेवटची गाठ सुटली. आई धाडकन जमिनीवर आली.

"मुडद्या, काय केलंस?"

"ढिलं केलं. तू तापली होतीस."

"अरे, तापलेल्यावर गार पाणी घालावं!"

"कळलं," गेणू म्हणाला.

तो फाट्यावर परत गेला. मिस्त्रीने ब्रेक खोलला होता. आतला दांडा गंजून अडकला होता. तो सुटावा म्हणून मिस्त्री त्याला स्टोव्हवर शेकत होता. दांडा लाल व्हायला आला होता. गेणूने पाहिलं. तापलं होतं. त्याने बादली उचलली आणि ओतली. स्टोव्ह विझला. मिस्त्री भिजला. दाढीतून पाणी गळू लागलं.

"खुळ्या! गंजलेल्याला पाणी घालतात? जाम झालेल्या जागी तेल घालायचं, तेल!"

"कळलं," गेणू म्हणाला.

मिस्त्रीने पुन्हा स्टोव्ह पेटवला, दांडा सोडवला, घासला, ग्रीस लावून बसवला. मग कपडे बदलायला आत गेला. गेणूने चाकात डोकावलं. ब्रेक ज्यांनी चाकाला धरतो त्या दोन पट्ट्या तिथे होत्या. गेणू म्हणाला, या चोरांनीच चाक जाम केलं. त्याने दोन्ही पट्ट्या तेलाने न्हाऊ घातल्या.

मिस्त्रीने चाक बसवलं आणि एक चक्कर मारायला गेला. वळणावर ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती निवडुंगात थांबली.

मिस्त्री काटे काढत परत आला. पट्ट्या पेट्रोलने धुतल्या, पुसल्या, बसवल्या. गेणूला दोन पावलं लांब उभं केलं. मग हात जोडून म्हणाला, "बाबा, आता ब्रेक ठीक आहे. तरी वाटेत एकदा गाडी डबल स्टँडवर घे. मागचं चाक हातानं फिरव. अडलं, तर एकेक वस्तू काढत जा. जी काढल्यावर चाक फिरेल, तिच्यात दोष. तेवढी वस्तू माझ्याकडं आणून टाक. गाडी घरी ने. पण गाडी घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."

"कळलं," गेणू म्हणाला.

सासरा खूश झाला. जावई गाडीवर आला होता. सासूने हौसाची ओटी भरली. तिच्या हातात कुरडयांची पाटी दिली, खांद्याला बोचकं अडकवलं. हौसा मागे बसली. गाडी वाऱ्यासारखी निघाली.

फाटा दिसला. गेणूला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. त्याने गाडी थांबवली. हौसा उतरायला लागली.

"तू बस. तुझं काही काम नाही."

त्याने जोर लावून गाडी हौसासकट डबल स्टँडवर चढवली. मागचं चाक हौसाच्या वजनाने जमिनीला टेकून राहिलं. गेणूने ते फिरवलं. फिरेना.

त्याने पाटी काढली. चाक फिरेना. बोचकं काढलं. फिरेना. स्वतःची टोपी काढून दगडावर ठेवली. तरी फिरेना.

हौसा म्हणाली, "अहो, मी उतरू का?"

"उतर बरं."

हौसा उतरली. मागचं चाक वर उचललं गेलं. गेणूने बोट लावलं आणि चाक गरगर फिरलं.

गेणूने हौसाकडे बघितलं.

दिवस मावळायच्या आत तो घरी पोचला. आईला गाडीचा आवाज आला. ती भिंत धरून दारात आली. गाडीवर पाटी होती. बोचकं होतं. टोपी होती.

"गेण्या, हौसा कुठाय?"

"आई, गाडीत काहीच दोष नव्हता," गेणू म्हणाला. "दोष हौसात निघाला. तिला मिस्त्रीकडं टाकून आलो. सांगितलंय, गंज असेल तर काढा. नाहीच निघाला, तर तिच्या जागी दुसरी बसवून द्या."