पाठमोरे मास्तर

ओढ्यावर पूल नव्हता आणि शाळा देवळाच्या ओसरीत भरायची, तेव्हाची ही गोष्ट. आपल्या गावात दाजिबा मास्तर होते. तोंडाचे तिखट, पण मन लावून शिकवायचे, असं म्हणतात.

त्यांच्या वर्गात लिंबा कुंभाराची हौसा होती. एके दिवशी मास्तरांनी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि विचारलं, अर्धी भाकरी आणि एक तृतीयांश भाकरी मिळून किती? हौसानं वरचे आकडे मिळवले, खालचे आकडे मिळवले आणि लिहिलं, दोन पंचमांश.

मास्तर म्हणाले, "अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि ती अर्ध्याहून कमी झाली. तुझ्याकडे जेवायला यायला नको बाई."

वर्ग हसला. मास्तरही हसले.

ते हसू ओसरीत राहिलं नाही. दुपारी पाणवठ्यावर पोचलं. "दोन-पाच आली गं, वाट सोडा," असं बायका म्हणू लागल्या. गुराखी म्हणू लागले, ओट्यावरचे म्हातारे म्हणू लागले. ही माणसं परकी नव्हती. तुमच्याआमच्या पणज्या आणि पणजोबाच होते. हे सांगताना मला मान वर करवत नाही, पण सांगायला हवं.

हौसानं शाळा सोडली. मग पाण्याला जाणं सोडलं. मग बोलणंच सोडलं. तेव्हा तिची आई मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, "गणित येऊ दे, नाहीतर नको येऊ दे. माझ्या पोरीचं तोंड तेवढं उघडून द्या."

मास्तर कुंभाराच्या घरी गेले. दार अर्धं लोटलेलं होतं आणि हौसा आत अंधारात बसली होती. मास्तरांना दाराकडे बघवलं नाही. ते ओट्यावर पाठ करून बसले आणि म्हणाले, "हौसा, तू वळा म्हणशील तेव्हाच मी वळेन. तोवर तू लिही, मी बघणार नाही."

 मास्तर रोज येऊन तसेच बसू लागले. बसून बसून त्यांच्या पाठीला कान फुटले, असं म्हणतात. आत पाटीवर पेन्सिल फिरली की त्यांना आकडा कळायचा. पेन्सिल कुठं अडली तेही कळायचं.

एकदा ते म्हणाले, "थांबलीस का गं?"

आतून हौसाचा आवाज आला. "तुकडे सारखे न्हाईत, मास्तर. अर्ध्याचा मोठा, तिसऱ्याचा बारका. एकात मोजू कसे?"

 भरल्या वर्गात, कुठं अडलीस हे मास्तरांनी तिला विचारलंच नव्हतं. मग त्यांनी तिच्या आईकडून भाकरी मागितली, अर्धी आणि एक तृतीयांश तोडून घेतली आणि न वळता मागं सरकवली.

"मग सारखे कर," ते म्हणाले.

हौसानं अर्धीचे तीन तुकडे केले, दुसरीचे दोन. पाचही एका मापाचे झाले.

"असे किती जमले की भाकरी पुरी?"

"सहा."

"मग तुझ्याकडं किती?"

"सहातले पाच."

"आता तुझ्याकडे जेवायला यायला हरकत नाही," मास्तर म्हणून गेले आणि त्यांनी जीभ चावली. पण आत हौसा हसली होती.

पुढं ती घरीच शिकत मोठ्या वर्गाच्या पुस्तकांपर्यंत गेली आणि रसायनशास्त्रात पाण्याच्या समीकरणाशी अडली. मास्तरांनी मागं हात करून गुंजा दिल्या, त्या हायड्रोजनच्या. चिंचोके दिले, ते ऑक्सिजनचे. दोन्ही जोडीनंच यायचे. एका पाण्याला दोन गुंजा आणि एक चिंचोका लागायचा, आणि काही उरू द्यायचं नव्हतं. हौसाचा दर वेळी एक चिंचोका उरायचा. मास्तरांनी उत्तर सांगितलं नाही आणि घाईही केली नाही. दिवेलागणीला ती म्हणाली, "गुंजांची अजून एक जोडी द्या."

मग दोन सारख्या राशी झाल्या, उरलं काही नाही, आणि तिचा तळहात खऱ्या पाण्यानं भरला, असं म्हणतात. तो घामही असेल. गाव पाणी म्हणतं, मीही पाणीच म्हणतो.

मॅट्रिकच्या निकालाला हौसा एकटी तालुक्याला गेली. गाव ओट्यांवर येऊन बसलं. मास्तर तिच्या ओट्यावर पाठ करून बसले होते.

कुणीतरी म्हणालं, "मास्तर, पोरगी वेशीत आली. बघा तरी."

"तिनं मला अजून वळायला सांगितलेलं नाही," मास्तर म्हणाले.

ते ऐकून दोन-पाच हे नाव पहिल्यांदा घेणारी म्हातारी उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मग शेजारचा ओटा वळला, मग पलीकडचा. हौसा आली तेव्हा सगळ्या गल्लीत तिला एकही तोंड दिसलं नाही. ती दारापाशी येऊन उभी राहिली आणि हळू म्हणाली, "वळा, मास्तर."

मास्तर वळले. बाकीच्यांना तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून ते अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहिले.

तिला गुण किती पडले? कुणी विचारलं नाही, म्हणून आज कुणालाच माहीत नाही. एवढं खरं की पुढं त्या ओट्याच्या एका टोकाला मास्तर बसायचे, दुसऱ्या टोकाला हौसाबाई, आणि दोघांच्या पाठीशी एकेक अडलेलं पोर.

तो ओटा अजून तसाच चालतो. आणि निकालाच्या दिवशी आपलं गाव रस्त्याकडे पाठ करून बसतं. पाहुण्यांना वाटतं, काय उद्धट माणसं आहेत. एखादं पोर वेशीतूनच हाक देतं, "वळा." एखादं तसंच घरात निघून जातं. मग आम्ही बसून राहतो.