रुकय्याबाईंची आफ्रिकेतली कविता

मुरूडच्या त्या कविसंमेलनाची आठवण निघाली की म्हातारी माणसं अजून हसतात. रुकय्याबाई सिद्दी तेव्हा गावात मराठी शिकवत. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेले. बाई खाडीवरची कविता वाचू लागल्या, तोच पुण्याहून आलेल्या अध्यक्षांनी हात वर केला.

“खाडीवर आमचे लोक लिहितातच. तुम्ही तुमच्या आफ्रिकेतली, मूळ भाषेतली कविता म्हणा.”

बाईंनी हातातला कागद खाली घेतला. त्यांना स्वप्नंसुद्धा मराठीत पडत. समोर सगळे गावचे चेहरे होते. त्यांच्याकडे बघत बाईंनी खडा आवाज लावला, “ढोमा, वाकटी, शिंगाळा, घोळ! करकरा, खवली, मुडदुशी, घोळ!”

मांडवात खसखस पिकली. अध्यक्ष मात्र डोळे मिटून डोलत होते. “वा! रानातल्या ढोलांचा नाद! अर्थ काय हो याचा?”

“ही आपल्या मुरूडच्या बाजारातली मासळी, साहेब. आता माझ्या भाषेतली कविता वाचू?”

हशा ओसरेपर्यंत अध्यक्ष पाणी पीत राहिले. मग बाईंनी खाडीची कविता सावकाश, पहिल्या ओळीपासून वाचली. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना ती अजून तोंडपाठ आहे.