धुण्याच्या दगडाखालची ओळ

एकदा एक शिष्य आपला पहिला निवाडा वाचायला उभा राहिला, तेव्हा तो बिनचूक असल्याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गाव नदीकाठचे होते. बंधाऱ्यातून निघालेला एकच पाट उतारावरची सारी शेते भिजवीत सर्वांत खालच्या, ठकूबाईच्या शेतापर्यंत जात असे. त्या वर्षी पाऊस कमी झाला. पाटाच्या मुखाशी जमीन असलेल्या उखर्डू पाटलांनी आधी आपले मळे भिजवून घेतले आणि खाली थेंबही उतरला नाही. ठकूबाई गावचा न्याय करणाऱ्या वृद्ध गुरूंकडे आली. त्यांनी ते प्रकरण शिष्याकडे सोपवले. सहा वर्षे तो त्यांच्यापाशी न्यायशास्त्र शिकत होता.

शिष्याने घाई केली नाही. दहा दिवस त्याने साक्षी नोंदवल्या, जुने निवाडे पुन्हा पुन्हा वाचले. ठकूबाई रोज ओसरीशी येऊन विचारी, "झालं का रे दादा? गहू ओंबीवर आलाय. तो काही तुझ्यासाठी थांबायचा नाही."

तो नम्रपणे म्हणे, "मावशी, अपुऱ्या माहितीवर न्याय करता येत नाही."

अकराव्या दिवशी सकाळी चावडीवर त्याने निवाडा वाचला. "टंचाईत वरच्या शेताला प्रथम पाणी, ही रूढी तीस वर्षे अखंड चालत आली आहे. तिला पूर्वीच्या निवाड्याचा आधार आहे. एवढ्या काळात तिच्यावर एकही आक्षेप नोंदलेला नाही. सबब, ठकूबाईंची मागणी मान्य करता येत नाही."

"पोरगं पक्कं तयार झालंय!" उखर्डू पाटील मिशीवरून हात फिरवीत म्हणाले. "गुरुजी, करा सही, म्हणजे आम्ही पाटावर जायला मोकळे."

 ठकूबाईने पदराने तोंड पुसले.

गुरूंनी सही केली नाही. काठी घेऊन ते उठले आणि थेट पाटाकडे चालू लागले. बुचकळ्यात पडलेली सारी चावडी त्यांच्यामागे निघाली. बंधाऱ्याजवळच्या वळणावर, जिथे पाटात अजून पाणी होते, बायका धुणे धूत होत्या.

"पोरींनो, एवढं धुणं बाजूला घ्या."

"का हो आजोबा, आज सोवळं स्वतः धुणार वाटतं!" एकीने म्हटले. बाकीच्या हसल्या. गुरू हसले नाहीत.

त्यांच्या सांगण्यावरून चौघांनी पहारी लावून धुण्याचा दगड उलटा केला. गुरूंनी काठीच्या टोकाने त्यावरचा चिखल खरवडला. खाली अक्षरे कोरलेली होती. शिष्याने वाकून वाचले, 'टंचाईत पहिले पाणी शेवटच्या शेताला. या अटीवर सर्वांनी मिळून हा बंधारा बांधला.'

तो गुरूंकडे वळला. "गुरुजी, हे आपल्याला ठाऊक होते?"

"होते," गुरू म्हणाले. "तीस वर्षांपूर्वी वरचा बांध फुटला, तेव्हा एका पाळीपुरते वरच्यांना आधी पाणी मीच दिले. पुढच्या वर्षी ते म्हणाले, 'मागच्या साली असंच झालं होतं.' मी नाही म्हणायला हवे होते. तो निवाडा पूर्वनिर्णय झाला, पूर्वनिर्णयाची रूढी झाली. पुरात हा दगड आडवा झाला, तोही मी पाहिला आणि गप्प बसलो. रूढी जुनी आहे का, हे तू नीट तपासलेस. ती कोठून निघाली आणि मूळ कराराला धरून आहे का, हे तपासले नाहीस. आणि आक्षेप नाही म्हणतोस? ठकूबाईच्या शेजारी सात शेते पडीक आहेत. आक्षेप घेणारे गाव सोडून गेले, बाळा. तू विचारशील म्हणून मी दहा दिवस वाट पाहिली. खरे सांगायचे तर, स्वतःहून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही."

उखर्डू पाटील दगडाकडे पाहत राहिले. अट मान्य करून पिढ्यान्‌पिढ्या पाणी घेतलेल्या घरातले ते होते. ते पाटाच्या वाटेतून बाजूला झाले.

शिष्याने कागद फाडला. स्वतःच्या हाताने त्याने वरच्या मळ्यांकडे जाणारी पाटाची दारे मातीने बंद केली आणि पाण्याच्या कडेकडेने तो खाली चालत गेला. सात पडीक शेतांशेजारचा भेगाळलेला पाट पाणी पीत राहिला. दुपार कलली, तेव्हा एक बारीक धार ठकूबाईच्या बांधाशी पोचली.

ठकूबाईने एक ओंबी तोडून तळहातावर चोळली. फुंकर मारताच सारे उडून गेले. दाणा धरलाच नव्हता.

"मावशी..." शिष्य म्हणाला.

"गहू गेला रे दादा," ती म्हणाली. "पण माझ्या शेताचं दार उघडंच राहू दे. पाण्याला वाट आठवू दे."

त्या संध्याकाळी गुरूंनी दिलेल्या कागदावर शिष्याने नवा निवाडा लिहिला. सर्वांत वर त्याने दगडावरची ओळ उतरवली. खाली, जिथे दोषींची नावे लिहायची असतात, तिथे गुरूंनी आपले नाव आधीच लिहून ठेवले होते. शिष्याने त्याखाली स्वतःचे लिहिले.